शेवटचा हात

श्रावण संपत आला की संपादकांचा फोन येतो, "यंदा रंगपेटीत काय?" गेल्या वर्षीच्या अंकात या सदरात जलरंगांवर लिहिलं होतं. त्यावर मंडळाच्या कार्यक्रमांत बऱ्याच जणांनी मला गाठून एकच तक्रार केली: "जलरंग छानच हो, पण आम्ही सगळे अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवतो. त्याबद्दल कधी लिहिणार?" तक्रार रास्त आहे. आमच्या शनिवारच्या चित्रवर्गाला डझनभर मंडळी येतात, बहुतेक निवृत्त, आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर सगळ्यांच्या पिशवीतून अ‍ॅक्रिलिकच्याच ट्यूब निघतात. टर्पेंटाइनचा वास नाही, कुंचले नळाखाली धुता येतात आणि सकाळी मारलेला रंग जेवायच्या वेळेपर्यंत वाळलेला असतो. साठीनंतर कुंचला हातात धरणाऱ्याला आणखी काय हवं?

गंमत म्हणजे वर्गात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न रंगवण्याबद्दलचा नसतोच. तो असतो, "चित्र झालं, आता त्यावर काय लावायचं?" कोणी गराजमधून लाकडाच्या वॉर्निशचा डबा घेऊन येतं, तर कोणी म्हणतं की काहीच लावू नये. म्हणून यंदा थरांबद्दल लिहायचं ठरवलं, कापडापासून ते अगदी शेवटच्या हातापर्यंत. हात म्हणजे आपण घराला रंगाचे दोन हात मारतो, तोच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. चित्रातले सगळे थर पक्के हवेत, फक्त शेवटचा एक असा हवा की जो काढता येईल. हे का, ते एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात थोड्या इतिहासाने करू, कारण तो आपल्याच गावचा आहे. पाण्यात मिसळणारा, खास चित्रकारांसाठी बनवलेला अ‍ॅक्रिलिक रंग पहिल्यांदा बाजारात आला तो १९५५ साली, इथे, सिनसिनाटीत. हेन्री लेव्हिसन यांची 'पर्मनंट पिगमेंट्स' ही रंगांची कंपनी १९३३ पासूनची. या नव्या रंगाचं नाव त्यांनी ठेवलं 'लिक्विटेक्स', म्हणजे लिक्विड आणि टेक्श्चर यांची सांधेजोड. त्याआधी, १९४० च्या दशकात, न्यूयॉर्कला लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी 'मॅग्ना' नावाचा अ‍ॅक्रिलिक रंग तयार केला होता, पण त्याला पाणी चालत नसे, टर्पेंटाइनसारखं द्रावण लागे. हेच सॅम गोल्डन निवृत्त झाले, घरी स्वस्थ बसवेना, आणि १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावी शेतावरच्या एका जुन्या कोठारात त्यांनी पुन्हा रंगांची कंपनी काढली. आमच्या वर्गातल्या निवृत्तांना ही गोष्ट मी मुद्दाम ऐकवते.

१९५५ म्हणजे हा रंग आत्ता कुठे सत्तरीला पोचलाय. तेलरंगाचं चित्र पाचशे वर्षांनी कसं दिसतं ते कुठल्याही मोठ्या संग्रहालयात जाऊन बघता येतं. अ‍ॅक्रिलिकचं चित्र दोनशे वर्षांनी कसं दिसेल, ते अजून कोणीच पाहिलेलं नाही. आपण सगळे या रंगाच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांतले लोक आहोत, आणि म्हणूनच आपण काय लावतो, कशावर लावतो याची थोडी काळजी घ्यायला हवी.

आता हा रंग वाळतो कसा ते पाहू. ट्यूबमधल्या रंगात तीन गोष्टी असतात: रंगाची पूड, पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण. ओलं असताना हे मिश्रण दुधासारखं पांढुरकं असतं. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन त्यांचा एक लवचिक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. पांढुरकेपणा गेला की रंग गडद दिसतो. म्हणूनच ओल्या रंगाशी जुळवलेली छटा दुसऱ्या दिवशी अंधारलेली वाटते. उपाय सोपा आहे: छटा कालवली की तिचा एक ठिपका कार्डावर लावायचा, तो वाळू द्यायचा आणि मगच चित्रावर हात टाकायचा.

एकदा हे कण एकजीव झाले की पुन्हा पाण्यात विरघळत नाहीत. जलरंगात खालचा थर वरच्या ओल्या कुंचल्याने जागा होतो, इथे तसं होत नाही. हीच या माध्यमाची खरी ताकद. चिरोटे करताना आपण पोळ्यांमध्ये साटा लावतो तो पदर वेगळे राहावेत म्हणून. अ‍ॅक्रिलिकमध्ये साट्याचं काम वेळ करतो. प्रत्येक पदर पुरता वाळला की वरचा पदर त्यात कालवला जात नाही, आणि तरीही खालचा रंग वरच्यातून दिसत राहतो.

कणांना एकजीव व्हायला ऊब मात्र लागते. साधारण ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे आपल्या इथल्या पन्नास फॅरनहाइटच्या आत, ते नीट भिडत नाहीत. थर वरून वाळल्यासारखा दिसतो, पण आतून कच्चा राहतो आणि पुढे भेगाळू शकतो. तेव्हा ओहायोच्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये गराजमध्ये रंगवू नका. ट्यूबही रात्रभर गाडीत ठेवू नका. रंग गोठला तर दही फाटल्यासारखा होतो.

थरांची सुरुवात कापडापासून. प्रभाकर बरवे यांच्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकाचं नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचं असेल. तंत्राच्या बाजूने बघितलं तर दुकानातून आणलेला कॅनव्हास कोरा नसतोच. त्यावर आधीच जेसोचं अस्तर असतं: खडूसारखी पांढरी पूड आणि टायटॅनियमचा पांढरा रंग, अ‍ॅक्रिलिकमध्ये बांधलेला. स्वस्तातल्या कॅनव्हासवर ते अस्तर इतकं बेताचं असतं की दिव्यासमोर धरलं तर विणीतून उजेड दिसतो. अशा वेळी घरी जेसोचे आणखी दोन हात द्यावेत, एक आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. भिंतीला लांबी भरून घासल्याशिवाय रंग मारला तर काय होतं, ते घराचं काम काढलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

इथे एक बारकावा आहे. सुती किंवा तागाच्या कापडात पाण्यात विरघळणारी काही द्रव्यं मुळातच असतात. तुम्ही वरून पारदर्शक जेलचा जाड थर दिलात, तर वाळताना त्यातलं पाणी ही द्रव्यं वर ओढून आणतं आणि जेलला चहा सांडल्यासारखी पिवळट झाक येते. दाट रंगाखाली ती कळत नाही, पण पांढऱ्या किंवा आभाळी भागावर ठळक दिसते. ज्यांना जेलचं काम करायचंय त्यांनी जेसोच्या आधी कापडाला साध्या अ‍ॅक्रिलिक मीडियमचे दोन हात देऊन ते बंद करून घ्यावं. बाकीच्यांनी याची चिंता करू नये.

आता प्रत्यक्ष रंग. ट्यूब हातात घेतली की आधी तिचं लेबल वाचा. रंग पारदर्शक आहे, अर्धपारदर्शक आहे की अपारदर्शक, हे तिथे दिलेलं असतं. काही कंपन्या तर काळ्या रेघांवर रंगाचा फराटा ओढून दाखवतात. रेघा झाकल्या गेल्या तर रंग झाकणारा, दिसत राहिल्या तर पारदर्शक. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑक्साइड, कॅडमियम रेड हे झाकणारे. क्विनॅक्रिडोन आणि थॅलो या घराण्यांतले रंग पारदर्शक. माझा साधा नियम असा: खालचे थर झाकणाऱ्या रंगांचे, वरचे थर पारदर्शक रंगांचे. खाली आकार आणि उजेड-सावली ठरवा, आणि रंगाची गोडी वरून चढवा.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. वर्गातल्या कोकणातल्या मंडळींना जांभ्याची भिंत रंगवायची असते आणि दर वेळी ती विटेची होते. कारण ते एकच तांबडा रंग कालवतात आणि भिंत भरतात. जांभा एका रंगाचा नसतो. आधी बर्न्ट सिएन्नात थोडा पांढरा घालून सपाट थर द्या. तो वाळला की बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून त्याची भोकं आणि खाचा काढा. पुन्हा वाळू द्या. मग क्विनॅक्रिडोनचा लाल थेंबभर घ्या, त्यात आठ-दहा पट ग्लेझिंग मीडियम घाला आणि सगळ्या भिंतीवरून पातळ हात फिरवा. हीच झिलई. दगडाला एकदम आतून ऊब येते. शेवटी खालच्या बाजूला थॅलो ग्रीन आणि पिवळ्याचा तसाच पातळ हात दिला की पावसाळ्यातलं शेवाळ हजर. चार थर आणि चारही पातळ. झिलईसाठी रंग पातळ करताना नुसतं पाणी ओतू नका. पाणी फार झालं की कणांची पकड सैल पडते आणि रंग खालच्या गुळगुळीत थरावर थेंब-थेंब होऊन बसतो. पातळ करायचं ते मीडियमने.

दोन थरांमध्ये किती थांबायचं? बोटाला रंग लागला नाही की पुढे जायला हरकत नाही, पण तो थर खरोखर पातळ असेल तरच. सुरीने लावलेला जाड रंग वरून सुकतो आणि आत पाणी अडकलेलं राहतं. त्यावर लगेच जेल चढवली तर ती धुकट दिसते. हात लावल्यावर भाग गार लागला तर समजा, अजून पाणी उडतंय. एक नियम मात्र मोडू नका: अ‍ॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, वाळलेल्या तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक चालत नाही. ते धरत नाही, कालांतराने सुटतं.

हे सगळं किती संयमाचं काम आहे हे पाहायचं असेल तर डेव्हिड हॉकनी यांचं १९६७ सालचं 'अ बिगर स्प्लॅश' आठवा. कॅलिफोर्नियातलं ऊन, तरणतलाव आणि कोणीतरी नुकतीच उडी मारल्यावर उसळलेलं पाणी. आकाश, घर, तलाव हे सगळे सपाट भाग त्यांनी रोलरने भरले. क्षणभरच टिकणारा तो फवारा मात्र लहान कुंचल्यांनी रंगवायला त्यांना सुमारे दोन आठवडे लागले. आपल्याकडे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. त्यांचं १९८३ सालचं 'सौराष्ट्र' हे मोठं चित्र अ‍ॅक्रिलिकमधलं आहे. जे. जे.चेच तय्यब मेहता १९६८ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आले. आधी सुरीने जाड रंग लावणाऱ्या या चित्रकाराची पुढची चित्रं सपाट, स्वच्छ रंगपटांची झाली, आणि १९९७ मधलं त्यांचं 'महिषासुर' अ‍ॅक्रिलिकमध्येच आहे. सिनसिनाटी आर्ट म्युझियमला प्रवेशमूल्य नाही. एखाद्या रविवारी जा आणि आधुनिक चित्रांच्या दालनात 'अ‍ॅक्रिलिक ऑन कॅनव्हास' असं लेबल शोधून चित्र समोरून न बघता बाजूने, तिरक्या उजेडात बघा. थर कुठे चढले, कुठे खालचा रंग उघडा ठेवला, सगळं दिसतं.

आता मूळ प्रश्न, शेवटचा हात. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा आपल्या घरातल्या तापमानाला पूर्ण कडक होत नाही, किंचित मऊच राहतो. मऊ असल्यामुळे त्याला भेगा सहसा पडत नाहीत, पण धूळ आणि स्वयंपाकघरातली तेलकट वाफ त्याच्यात रुतते. शिवाय रंग बनवताना घातलेली साबणासारखी द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात. लंडनच्या टेट संग्रहालयात २००६ ते २००९ या काळात अशा चित्रांची साफसफाई कशी करावी यावर मोठं संशोधन झालं. तेवढ्यावरून कळावं की हा प्रश्न तज्ज्ञांनाही सोपा नाही. म्हणून चित्रावर एक संरक्षक वॉर्निश हवं. ते धूळ स्वतःवर घेतं आणि खालचे चकचकीत-निस्तेज तुकडे एका पातळीवर आणतं.

मग कडक, कायमचं वॉर्निश का नको? याचं उत्तर अजिंठ्यात आहे. हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो सेक्कोनी आणि ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची भित्तिचित्रं वाचवायला बोलावलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा बसवला, त्यामुळे बरंच काही वाचलं. पण चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे आपल्या सुतारांच्या चपड्याचा, लेपही दिला गेला. तेव्हा चित्रं नक्कीच उजळली असणार. पुढे तो लेप पिवळा, मग तपकिरी होत गेला आणि मूळ रंग त्याच्याआड गेले. नंतर पुरातत्त्व खात्याच्या माणसांना तो लेप हळूहळू, बोटभर-बोटभर जागा साफ करत काढावा लागला. त्या दोघांचा हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक वॉर्निश कधी ना कधी म्हातारं होतं, आणि ते चित्राला इजा न करता उतरवता आलं नाही तर ते चित्राला सोबत घेऊन म्हातारं होतं.

म्हणून गराजमधलं पॉलियुरेथेन चित्राला लावू नका. ते टेबलासाठी ठीक आहे, चित्रावर ते पिवळं पडतं आणि निघत नाही. चित्रकलेच्या दुकानातून 'काढता येणारं' असं स्पष्ट लिहिलेलं वॉर्निश आणा. यातली काही मिनरल स्पिरिटने निघतात, पाण्यातली काही सौम्य अमोनियाने. दोन्ही द्रावणं जोर केला तर खालच्या अ‍ॅक्रिलिकलाही मऊ करू शकतात. यावर अनेक चित्रकार एक युक्ती करतात: रंग आणि वॉर्निश यांच्यामध्ये चकचकीत, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा एक कायमचा हात देतात. पुढे वॉर्निश काढणाऱ्याचा बोळा रंगापर्यंत पोचत नाही. हा मधला थर हवाच का, याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. झिलईचं नाजूक काम असेल तर मी देते, जाड रंगाचं साधं चित्र असेल तर सोडून देते.

कृती थोडक्यात अशी. पातळ थरांचं चित्र निदान दोन आठवडे वाळू द्या, जाड असेल तर महिना-दोन महिने. तेलरंगाला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, त्या मानाने आपण सुटलो. चित्र टेबलावर आडवं ठेवा, धूळ मऊ कुंचल्याने झाडा, खोली साधारण सत्तर फॅरनहाइटवर असू द्या. मिनरल स्पिरिटचं वॉर्निश असेल तर खिडक्या उघड्या हव्यात, आणि बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर तिथे ते उघडूच नका. रुंद, मऊ कुंचला घेऊन एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पट्टे ओढा. सुकायला लागलेल्या जागी पुन्हा कुंचला नेऊ नका, मोह होतो, पण तिथेच डाग पडतात. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने दुसरा पातळ हात. निस्तेज वॉर्निश आवडत असेल तर पहिला हात चकचकीतचा द्या आणि फक्त वरचा निस्तेजचा. निस्तेज वॉर्निशमध्ये बारीक पूड असते, तिचे दोन-तीन थर झाले की काळे आणि गर्द रंग राखेने माखल्यासारखे दिसतात.

हे सगळं गेल्या हिवाळ्यात मी वर्गात समजावून सांगितलं, तेव्हा एका काकूंना ते पटेना. काकू ऐंशीच्या घरात आहेत. राजापूरजवळचं त्यांचं माहेरचं घर भावांच्या वाटण्यांमध्ये विकलं गेलं, आता तिथे तीनमजली इमारत आहे. घराचा एकही फोटो नाही. लग्नाचा आहे, पण त्यात मांडवच दिसतो. त्या दोन हिवाळे हे घर आठवणीतून रंगवत होत्या. तीनदा त्यांनी माडीची खिडकी हलवली. "नाही गं, ती उजवीकडे होती, सकाळचं ऊन आजोबांच्या पाठीवर यायचं," असं म्हणून जुनी खिडकी पांढऱ्याने झाकायची आणि नवी काढायची. त्या चित्राच्या पोटात तीन घरं आहेत.

चित्र झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "ते काढता येणारं वगैरे मला नको. असं काहीतरी दे की पुन्हा कोणाला हातच लावता येणार नाही. एकदा गेलंय घर, पुन्हा पुसलं जायला नको."

मी म्हटलं, "काकू, उशीला आपण अभ्रा घालतो तो उशी मळू नये म्हणून. अभ्राच उशीला शिवून टाकला तर?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते कळलं गं. पण माझ्यानंतर अभ्रा बदलणार कोण? नातीला मराठी वाचता येत नाही, आणि तिच्या आईला वेळ नाही."

या प्रश्नावर माझ्याकडे तंत्राचं उत्तर नव्हतं. काढता येणारं वॉर्निश लावायचं म्हणजे पुढे कोणीतरी हे चित्र जपण्याजोगं मानेल, त्यासाठी थोडा खर्च करेल, एखाद्या जाणकाराकडे नेईल, यावर विश्वास ठेवायचा. परदेशात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या आपल्यापैकी किती जणांना असा विश्वास वाटतो? पेटाऱ्यातल्या पैठण्या, पुस्तकांची कपाटं, देवघरातले टाक, या सगळ्यांबद्दल आपण हाच प्रश्न विचारत असतो. चित्राच्या बाबतीत मी एवढंच सांगू शकले की कायमचं वॉर्निश लावलं तर ज्याला चित्र वाचवायचं असेल त्याचेही हात बांधले जातील. कोणी येणारच नसेल तर दोन्ही वॉर्निशं सारखीच. कोणी आलं, तर त्याला वाट हवी.

काकूंनी काढता येणारंच लावलं. मी त्यांना मागच्या बाजूसाठी एक जाड कार्ड दिलं. कॅनव्हासच्या पाठीवर थेट पेनने लिहू नये, शाई कापडातून पुढे उतरू शकते. कार्ड चौकटीच्या लाकडाला अडकवायचं. त्यावर त्यांनी वर इंग्रजीत लिहिलं: चित्र कधी केलं, रंग कुठले, वॉर्निश कुठलं, कधी लावलं, कशाने निघतं. खाली मराठीत माहेरचं नाव, गाव, आणि खोल्यांची नावं: ओटी, पडवी, माजघर, माडी, परसू. मार्चमध्ये चित्र कोलंबसला नातीच्या घरी गेलं. नंतर काकूंचा फोन आला. नातीने कार्डाच्या खालच्या अर्ध्या भागाचा फोटो पाठवून, हे काय लिहिलंय म्हणून विचारलं होतं.

तेव्हा मंडळी, तुम्हीही हे कार्ड करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि शंभर वर्षांनी चित्र उघडणाऱ्याला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होणार नाही.

शेवटी थोडं प्रवासाबद्दल, कारण सुट्टीत भारतात जाताना चित्रं भेट म्हणून नेली जातात. वर्गातल्या एका गृहस्थांनी बहिणीला द्यायचं चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं आणि मे महिन्यात नागपूरला उघडलं. सगळ्या आभाळावर गोल-गोल ठसे. उन्हाने रंग मऊ झाला आणि प्लास्टिकच्या फुगवट्यांनी छाप उठवला. चित्राच्या तोंडाला आधी सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद हवा आणि बबल रॅप त्याच्यावरून, फुगवटे बाहेर. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवू नका, चिकटतात. कापड चौकटीवरून काढून गुंडाळणार असाल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा, जाड नळी घ्या, आणि हे काम उबदार खोलीत करा. जानेवारीत बाहेरून आणलेलं थंडगार चित्र लगेच उलगडू नका. थंडीत हा लवचिक पापुद्रा ठिसूळ होतो. एक दिवस खोलीत राहू द्या, मग हात लावा.

घरी भिंतीवर लावताना चुलीपासून आणि फर्नेसच्या झडपेपासून लांब लावा. धूळ झाडायची ती कोरड्या, मऊ कुंचल्याने. काचपुसणी किंवा ओला फडका नको. वॉर्निश बदलायची वेळ आली आहे असं वाटलं तर स्वतः प्रयोग न करता चित्रसंवर्धकाला दाखवा आणि मागचं कार्ड त्याच्या हातात द्या.

पुढच्या वर्षी रंगपेटीत कागदाबद्दल लिहायचा विचार आहे. प्रश्न असतील तर कोजागिरीच्या कार्यक्रमात भेटा, दुधाचा पेला हातात असताना मी कोणालाही नाही म्हणत नाही. तुम्हा सगळ्यांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!